तिरपा उजेड

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्याच्या गाभाऱ्यात धर्मचक्रप्रवर्तन मुद्रेतली बुद्धाची मोठी मूर्ती आहे. वाटाडे तिथे वर्षानुवर्षं एक प्रयोग करून दाखवत आले आहेत. दिवा समोरून धरला की चेहरा ध्यानात बुडालेला दिसतो. तोच दिवा मूर्तीच्या एका अंगाला नेला की ओठांच्या कडा उचलल्या जातात आणि स्मित उमटतं. दुसऱ्या अंगाला नेला की तेच ओठ मिटतात, चेहऱ्यावर गांभीर्य उतरतं. दगड तोच, बघणाराही जागचा हललेला नाही. हलला तो फक्त दिवा. शिल्पकाराच्या मनात हे तिन्ही भाव होते की नाही, हा वाद मला गौण वाटतो. गालाची, पापणीची, ओठाची वळणं त्याने इतकी नाजूक ठेवली की प्रकाश थोडा सरकला तरी सावल्यांना नवा अर्थ यावा, एवढं तर नक्की.

छताचा दिवा, रस्त्यावरचा खांब, टेबलावरचा लॅम्प हे आपापल्या जागेवरून उजेड देतात आणि आपण त्या उजेडात जाऊन बसतो. टॉर्चचा उजेड कुठून यावा हे मात्र धरणारा हात ठरवतो. वस्तू, डोळा आणि दिवा या तिघांमधला कोन क्षणोक्षणी बदलता येणं, हे तिचं खरं सामर्थ्य. टॉर्च किती लख्ख पडते यावरून तिची पारख करणारे पुष्कळ भेटतात. पण तिचा आस्वाद घ्यायचा तर तिच्या उजेडाइतकंच तिने पाडलेल्या सावलीकडे बघायला हवं, असं मला वाटतं.

आधी वस्तू बघू. दाराआडच्या खिळ्याला टांगलेली असायची ती दोन सेलची, पितळेवर निकेलचा मुलामा दिलेली बॅटरी डोळ्यांसमोर आणावी. एव्हरेडीची किंवा जीपची. एकीचा कारखाना लखनौला, दुसरीचा अलाहाबादला. मागच्या झाकणाला टांगायची कडी, झाकणाच्या आत स्प्रिंग, नळीवर उभ्या खाचा, म्हणजे पावसात ओल्या हातातून निसटू नये. अंगठ्याखाली सरकतं बटण आणि त्याच्या जोडीला दाबायचं एक छोटं बटण. सरकतं बटण वाट चालण्यासाठी. दाबायचं बटण नुसती एक नजर टाकण्यासाठी, खूण करण्यासाठी, सेल वाचवण्यासाठी. ज्याने हे दुसरं बटण दिलं त्याला अंधारातल्या माणसाची गरज पक्की ठाऊक होती. गोठ्यात काय पडलं, कडी लागली आहे का, मांजर आहे की उंदीर, एवढंच बहुतेक वेळा बघायचं असतं. अंगठा दाबला, बघितलं, सोडला.

ही नळी हवी तशी कलती करता येते याचं श्रेय मी बल्बपेक्षा सेलला देईन. समई, चिमणी, कंदील हे सगळे उभेच धरावे लागतात; कलले की तेल सांडतं, काच काजळते, आणि दिव्याखाली अंधार तर ठरलेलाच. विजेचे सुरुवातीचे सेलही तसेच होते. जॉर्ज लेक्लांशेने 1866 मध्ये केलेल्या सेलमध्ये नवसागराचं पाणी भरलेली काचेची बरणी असायची. 1886 मध्ये कार्ल गासनर या जर्मन डॉक्टराने ते पाणी काढून प्लॅस्टर ऑफ पॅरिसमध्ये कालवलेला नवसागर जस्ताच्या डब्यात भरला आणि तो डबाच विजेचा एक ध्रुव केला. सांडायला काही उरलंच नाही. सेल आडवा करा, उलटा करा, खिशात घाला. टॉर्च शक्य झाली ती इथे.

मग 10 जानेवारी 1899 रोजी डेव्हिड मिसेल या ब्रिटिश संशोधकाला अमेरिकेत पेटंट मिळालं, क्रमांक 617592. कागदी लगद्याची नळी, तिच्यात एकामागे एक सेल, टोकाला बल्ब आणि पितळी परावर्तक. आजही टॉर्च म्हटल्यावर जी आकृती डोळ्यांसमोर येते ती हीच. हे पेटंट ज्या कंपनीच्या नावे होतं तिचा मालक कॉनराड ह्यूबर्ट, मिन्स्कहून न्यूयॉर्कला आलेला स्थलांतरित. त्याने काही नळ्या तिथल्या पोलिसांना वापरायला दिल्या आणि त्यांची पसंती जाहिरातीत छापली. त्या पहिल्या नळ्या सलग जळत नसत. कार्बनच्या तारेचा बल्ब वीज फार खायचा, सेल लगेच दमायचे आणि थोडी विश्रांती मिळाली की पुन्हा जीव धरायचे. टंगस्टनची तार आली तेव्हा कुठे उजेड टिकू लागला. आपल्या पितळी बॅटरीवरचं ते दाबायचं बटण त्या क्षणिक उजेडाच्या काळाचं वारसदार आहे.

काचेमागच्या चकचकीत वाटीबद्दल थोडं सांगायलाच हवं. तिचा छेद अन्वस्ताकार असतो, आणि अन्वस्ताच्या नाभीतून निघालेला प्रत्येक किरण वाटीवर आपटून सरळ, एकमेकांना समांतर बाहेर पडतो. पण बल्बमधली तार म्हणजे बिंदू नव्हे, ती एक इवलीशी गुंडाळी असते. म्हणून जुनी बॅटरी भिंतीवर मारली की मधोमध पिवळा डाग, भोवती कडी, मध्येच एखादी काळसर चंद्रकोर दिसते. ती कडी म्हणजे त्या तारेचीच ताणली गेलेली प्रतिमा. 1979 मध्ये अँथनी मॅग्लिकाने कॅलिफोर्नियात काढलेल्या मॅगलाइटचं डोकं फिरवलं की बल्ब नाभीतून मागेपुढे सरकायचा आणि झोत आवळायचा किंवा पसरायचा. चांगल्या झोताला दोन अंगं असतात. मधला ठळक डाग लांबचं दाखवतो आणि भोवतीचा फिकट पसारा पायाखालचं. नुसता डाग असेल तर लांबचं झाड दिसतं आणि जवळच्या खड्ड्यात पाय जातो.

लांब म्हणजे किती, यालाही एक सुंदर माप आहे. टॉर्चच्या खोक्यावर झोताचं अंतर छापतात ते 2009 पासूनच्या अमेरिकन मानकानुसार जिथे उजेड 0.25 लक्सवर येतो तिथपर्यंत मोजलेलं असतं, आणि 0.25 लक्स म्हणजे साधारण मोकळ्या माळावरचं पौर्णिमेचं चांदणं. म्हणजे खोक्यावर शंभर मीटर लिहिलं असेल तर शंभराव्या मीटरवर ती टॉर्च चांदण्याएवढा उजेड टाकते. अंतर दुप्पट हवं असेल तर झोताची तीव्रता चौपट लागते, त्यामुळे आकडे फुगत जातात आणि डोळ्याला त्या मानाने फार थोडं मिळतं.

आता तो कोन.

कानातल्याची फिरकी फरशीवर पडली की घरातले सगळे वाकून, टॉर्च वरून मारत शोधू लागतात. वरून पडलेला उजेड फरशी सपाट करून टाकतो. फिरकी आणि मोझॅकचा ठिपका यांत फरक उरत नाही. टॉर्च जमिनीवर आडवी ठेवावी आणि सावकाश फिरवावी. काच फरशीपासून दोन बोटं वर, त्यामुळे दोन पावलांवरची मूगभर फिरकीसुद्धा वीतभर सावली टाकते. आपण फिरकी शोधतच नाही, तिची सावली शोधतो. पेला फुटल्यावर केर काढून झाला की हाच उपाय करावा. झाडूला न लागलेली काचेची कुसं एकेक करून चमकतात.

रंगारी आणि सुतार हे फार आधीपासून जाणतात. पुट्टी घासून झाली की दिवा भिंतीला चिकटवून धरतात आणि दिवसा आरशासारखी वाटलेली भिंत उंचसखल निघते, पात्याच्या प्रत्येक फटकाऱ्याची कड दिसते. सागवानी फळीवर रंधा कुठे अडला, पॉलिश पेपर कुठे आडवा फिरला, हे बोटाआधी तिरप्या उजेडाला कळतं. म्हणून जुने मिस्त्री भिंत रात्री तपासतात. गिऱ्हाईक दिवसा येतं तोवर काम झालेलं असतं.

पण तिरप्या उजेडाची खरी मैफल बघायची असेल तर झिजलेल्या दगडापाशी जावं. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत देवळाच्या मागे, पाराला टेकून, कधी पायरीत बसवलेल्या वीरगळी आहेत. खालच्या चौकटीत लढाई आणि पडलेला वीर, त्याच्या वर अप्सरा त्याला घेऊन चाललेल्या, आणखी वर तो शिवलिंगाची पूजा करतो आहे, माथ्यावर चंद्रसूर्य. बेसॉल्टवर शेकडो पावसाळे गेलेले, वर शेंदराचा किंवा चुन्याचा थर. भर दुपारी तो नुसता धोंडा दिसतो. अंधार पडल्यावर जावं, टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून बाजूने मारावी. आधी घोड्याची मान वर येते. मग ढालीचा काठ, मग अप्सरेचा वाकलेला गुडघा. दिसतंय दिसतंय म्हणेपर्यंत टॉर्च थोडी उचलली की सगळं पुन्हा दगडात बुडतं. अंश-दोन अंशांनी कोन बदलत, कुठे थांबायचं हे शोधत राहणं यातच आनंद आहे, आणि तो आनंद एका जागी बसवलेला कितीही महागडा दिवा देऊ शकत नाही.

अक्षरांच्या बाबतीत हे आणखी रंगतं. नाणेघाटाच्या गुहेत, जुन्नरहून घाट उतरायच्या तोंडाशी, डाव्या-उजव्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. तिथे यज्ञांच्या आणि दानांच्या याद्या आहेत, गायी-घोड्यांचे आकडे आहेत, आणि भारतातल्या अंकांच्या इतिहासात त्या आकड्यांना मोठा मान आहे. आता जुन्या ब्राह्मीतला ‘क’ घ्या. एक उभी रेघ, एक आडवी, अगदी अधिकच्या चिन्हाचा. टॉर्च डावीकडून किंवा उजवीकडून मारली की उभी खाच सावलीने भरते आणि आडवी खाच, उजेड तिच्या लांबीतूनच वाहत असल्याने, पुसल्यासारखी होते. उरते नुसती उभी रेघ, आणि नुसती उभी रेघ म्हणजे ‘र’. टॉर्च वरून आणली की उलट, आडवी दिसते, उभी जाते. एका बाजूच्या उजेडावर विसंबून वाचणारा ‘क’चा ‘र’ करून मोकळा होईल. म्हणून दगड वाचणारे उजेड चारी बाजूंनी फिरवतात आणि प्रत्येक बाजूचं वाचन वेगळं टिपतात. खालून मारला तर आणखी एक गंमत होते. उजेड वरूनच येतो ही आपल्या मेंदूची पक्की समजूत असल्यामुळे कोरलेलं अक्षर उठावातलं वाटायला लागतं.

याच हातचलाखीचं शास्त्र 2001 मध्ये एचपीच्या प्रयोगशाळेत टॉम माल्झबेंडर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मांडलं. कॅमेरा एका जागी ठेवायचा, दिवा गोलाकार फिरवत अनेक छायाचित्रं घ्यायची, आणि मग संगणकावर हव्या त्या कोनातला उजेड त्या पृष्ठावर पाडून बघायचा. समुद्रतळातून काढलेल्या अँटिकिथेराच्या ग्रीक यंत्रावरची झिजलेली अक्षरं 2005 मध्ये अशीच तपासली गेली. तरीही गावच्या वीरगळीपाशी पहिली भेट टॉर्चनेच व्हावी. अक्षरं उठून दिसावीत म्हणून काही जण दगडात खडू, पीठ, रांगोळी भरतात. ते कृपा करून करू नये. खडू खाचेत बसून राहतो, दगड घासला जातो, आणि एकदा चुकीची रेघ खडूने ओढली की पुढचे सगळे तीच वाचतात. उजेड दगडावर मागे काहीच ठेवत नाही.

शेतातली टॉर्च ही तर जिवाची गोष्ट. शेतीपंपांना थ्री फेजची लाईट बऱ्याच भागांत पाळीने मिळते, एखादा आठवडा दिवसा, एखादा रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात उसाला, गव्हाला दारं धरायला माणूस चिखलात उभा असतो आणि त्याच वेळी घोणस, मण्यार, नागही बाहेर असतात. कोकणात जांभ्या दगडावरचं फुरसं तर रंगाने मातीतच मिसळलेलं, जेमतेम हातभर लांबीचं. ‘लांबडं असंल, बॅटरी मार’ हे वाक्य रात्रीच्या बांधावर कुणीही कुणाला म्हणतं. आता डोक्याला बांधायची बॅटरी आली, दोन्ही हात मोकळे झाले, खोरं धरता आलं. तिची उपयुक्तता मोठीच आहे. पण तिचा उजेड डोळ्याच्या शेजारूनच निघतो. त्यामुळे सावल्या वस्तूंच्या मागे लपतात आणि जमीन सपाट दिसते. तीच टॉर्च हातात, कमरेच्या खाली, पुढे धरून चाललं की प्रत्येक ढेकूळ, प्रत्येक गवताची काडी आपली सावली घेऊन उभी राहते आणि वेटोळं घातलेला जीव मातीपासून सुटा होतो. डोक्याला एक आणि हातात एक, दोन्ही असाव्यात. पायात गमबूट आणि हातात काठी हवीच, कारण टॉर्च फक्त दाखवते.

सह्याद्रीत पावसाळ्यात चढणाऱ्यांना धुकं हाच धडा उलट बाजूने शिकवतं. कळसूबाईच्या वाटेवर ढग अंगावर आला की डोक्यावरच्या दिव्याने समोर पांढरी भिंत उभी राहते. नवखा माणूस उजेड वाढवतो आणि भिंत आणखी पांढरी होते, कारण थेंबांवरून परतलेला उजेड सरळ डोळ्यात येतो. दिवा काढून गुडघ्याजवळ धरावा, उजेड कमी करावा. भिंत विरघळते आणि वाट दिसू लागते. पिवळा उजेड धुकं भेदतो असं ठामपणे सांगणारे भेटतात. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगांपेक्षा कितीतरी मोठे असतात आणि ते सगळ्याच रंगांना जवळपास सारखंच विखुरतात. इथे रंगाने नाही, कोनानेच काम होतं.

मात्र हाच डोळ्याशेजारचा उजेड एका ठिकाणी अगदी हवा असतो. पावसाळी रात्री अंबोलीत बेडूक बघायला गेलेल्या माणसाने टॉर्च कानशिलाला लावून गवतावर फिरवावी. गवतात हिरवट ठिणग्या पेटतात. जवळ गेलं की त्या लांडगा-कोळ्याच्या डोळ्यांच्या निघतात. अनेक निशाचरांच्या डोळ्यात मागच्या बाजूला परावर्तक पडदा असतो आणि तो उजेड आला त्याच वाटेने परत पाठवतो. डोळा त्या वाटेवर असेल तरच तो दिसतो. टॉर्च कमरेशी धरली तर तेच कोळी असून नसल्यासारखे. दवाचे थेंबही चमकतात, पण त्यांची चमक पांढरी असते आणि आपण डोकं हलवलं की ती बदलते, विझते. कोळ्याचा डोळा ठाम असतो. अशा वेळी टॉर्च मंद ठेवावी आणि बेडकाच्या डोळ्यात रोखून ठेवू नये. अंधाराला सरावलेला डोळा पुन्हा सावरायला बराच वेळ घेतो. आपल्यालाही अर्धा तास तरी लागतोच. म्हणून आकाशदर्शनाला जाणारे टॉर्चवर लाल जिलेटिन लावतात. अंधारात काम करणाऱ्या दंडपेशींना लाल रंग जवळजवळ दिसतच नाही, त्यामुळे नकाशा वाचूनही डोळे तारे बघायला तयार राहतात. मे-जूनमध्ये भंडारदऱ्याला काजवे बघताना मात्र लालसुद्धा नको. काजव्यांचं सगळं बोलणं उजेडातच चालतं आणि त्यात आपण ओरडू नये.

उजेड वस्तूच्या मागे नेला की आणखी एक जग उघडतं. खुराड्यातली कोंबडी अंड्यांवर बसून आठवडा झाला की अंधारात एकेक अंडं टॉर्चच्या काचेवर ठेवून बघतात. भरलेल्या अंड्यात मधोमध गडद ठिपका आणि त्याला फुटलेल्या तांबड्या शिरांचं जाळं दिसतं. पोकळ असेल ते नुसतं पिवळं, स्वच्छ. एकवीस दिवसांनी काय होणार हे सातव्या दिवशी टरफलाला धक्का न लावता कळतं. डॉक्टरांच्या खिशातली पेन टॉर्च याहून थोडक्यात बोलते. एका डोळ्यात उजेड टाकला की बाहुली आकुंचन पावते, आणि निरोगी माणसात दुसऱ्या, उजेड न पडलेल्या डोळ्याचीही. दोन्हींची हालचाल बघून डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी वाट आणि तिकडून परतणारी वाट यांतली कुठली अडली असावी, याचा अंदाज डॉक्टर बांधतात. अतिनील टॉर्चबद्दल इतकंच सांगतो: तिच्या उजेडात विंचू निळसर हिरवा झळकतो, आणि नोटेवरचा क्रमांक व कागदातले तंतू पेटून उठतात. पावसाळ्यात बूट घालण्याआधी आत एकदा ती फिरवण्याची सवय मला शहाणपणाची वाटते.

आणि मग टॉर्चचं तोंड सरळ बघणाऱ्याकडे वळवणारे कलावंत. मॅन रेने 1935 मध्ये कॅमेऱ्याचं शटर उघडं ठेवून समोर बसून छोट्या पेन टॉर्चने हवेत गिरगटलं. ती वेटोळी कित्येक दशकं नुसती वेटोळी मानली गेली. 2009 मध्ये छायाचित्रकार एलन कॅरीने ते चित्र आरशात धरलं आणि त्यात मॅन रेची सही सापडली. 1949 मध्ये जॉन मिली हा छायाचित्रकार फ्रान्सच्या दक्षिणेला व्हालोरीत पिकासोकडे गेला. बर्फावर घसरणाऱ्या खेळाडूंच्या बुटांना दिवे लावून काढलेली आपली छायाचित्रं त्याने दाखवली आणि पिकासोला ती कल्पना इतकी भावली की तो अंधाऱ्या खोलीत छोटा विजेचा दिवा घेऊन उभा राहिला. त्यातलं सेंटॉरचं, अर्धा घोडा अर्धा माणूस अशा प्राण्याचं चित्र मी पुन्हा पुन्हा बघतो. कागदावर काढणाऱ्याला मागची रेघ दिसत असते, तिला धरून पुढची येते. पिकासोसमोर काहीच नव्हतं. काढलेली रेघ त्या क्षणीच विझत होती आणि ती फक्त काचेमागच्या फिल्मवर साठत होती. तरीही प्राण्याची पाठ जिथे मानेला मिळायला हवी तिथेच मिळते. हाताची स्मृती किती पक्की असू शकते याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही. हा प्रयोग आज घरी कुणालाही करता येतो. मोबाइल स्टँडवर, शटर काही सेकंद उघडं, हातात टॉर्च. मुलं सुट्टीत आपलं नाव लिहायला बघतात आणि पहिल्याच प्रयत्नात कळतं की कॅमेऱ्याकडे तोंड करून लिहिलं की अक्षरं उलटी पडतात.

मुलांचा विषय निघालाच आहे तर भिंतीवरच्या सावल्या. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने चामड्याच्या बाहुल्यांचा सावलीचा खेळ पिढ्यान् पिढ्या जपला आहे. तिथल्या परशुराम गंगावणे यांना त्या कामासाठी 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. घरच्या भिंतीवरचा हरिण आणि कुत्रा हे त्या खेळाचे दूरचे नातलग. या खेळात भारी टॉर्च हरते. मोठ्या वाटीतून येणारा उजेड पसरट असल्यामुळे सावलीच्या कडा भुरकट होतात. मोबाइलचा उघडा, ठिपक्याएवढा दिवा इथे सरस, कारण उगम जितका लहान तितकी सावलीची कड धारदार. जुन्या छोट्या मॅगलाइटचं डोकं पूर्ण काढून तिची मेणबत्ती करता यायची, ती तर या खेळासाठी अप्रतिम.

टॉर्च धरण्याला एक रीतही आहे, आणि ती मला एकपडदा थिएटरातल्या डोअरकीपरमध्ये पूर्णत्वाला गेलेली दिसते. सिनेमा सुरू झालेला, आपण उशिरा आलेले. तो तिकिटावर क्षणभर उजेड टाकतो, मग झोत पायरीवर सोडतो आणि आपल्या एक पाऊल पुढे चालवत नेतो. रांग आली की झोत खुर्चीच्या पायापर्यंत सरकतो आणि तिथेच विझतो. कुणाच्या चेहऱ्यावर नाही, पडद्यावर तर नाहीच. रेल्वेच्या गार्डच्या हातातली तिरंगी टॉर्च याच्या अगदी उलट शिस्तीची. ती दिसण्यासाठीच असते. लाल, हिरवा, पांढरा, आणि प्रत्येकाचा अर्थ ठरलेला. लाल हाताशी नसेल तर पांढरा दिवा अंगासमोर आडवा, जोरजोराने हलवायचा, तोही ‘थांबा’च समजतात. कोकणात पावसाळ्यात रात्री रुळांवर गस्त घालणाऱ्या माणसाच्या हातातल्या टॉर्चला पूर्ण गाडीचं वजन पेलायचं असतं.

राहिली निगा आणि निवड. सेल संपत आले की बल्ब तांबडा व्हायचा आणि आपल्याला वेळेवर सांगायचा. तेव्हा लोक सेल उन्हात ठेवायचे आणि उष्णतेने आतली रासायनिक क्रिया थोडी पुन्हा चालायची, एक-दोन रात्री निघून जायच्या. महिनोन् महिने वापर नसेल तर सेल बाहेर काढावेत. साध्या सेलचा जस्ताचा डबाच वीज देताना झिजतो, भोक पडतं, आतली लगदी बाहेर येते आणि स्प्रिंगवर हिरवट पांढरा थर चढतो. चांगली पितळी बॅटरी जाते ती बहुधा अशीच, माळ्यावर पडून.

नवीन घेताना खोक्यावरचा लुमेनचा आकडा शेवटी बघावा. जुन्या दोन सेलच्या बॅटरीत दहाएक लुमेनच असायचे आणि त्यात लोकांनी आयुष्यभर वाटा चालल्या. दुकानात तिला मंद करता येते का ते विचारावं. नुसतीच लख्ख असेल तर रात्री घरात ती निरुपयोगी. पांढऱ्या भिंतीवर मारून मधल्या डागाचा आणि पसाऱ्याचा रंग एक आहे का ते बघावं. मग आपल्या तळहातावर मारावी. आजचे पांढरे एलईडी मुळात निळे असतात. त्या निळ्या दिव्यासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना 2014 चं नोबेल मिळालं. त्या निळ्यावर पिवळा प्रकाश देणारा लेप चढवून पांढरा तयार होतो, आणि स्वस्त लेपात तांबड्याची उणीव राहते. अशा उजेडात मुरमाची वाट राखाडी दिसते, जखम किती लाल आहे ते कळत नाही, आणि तळहातावरचं रक्त फिकं पडतं. हात जिवंत, तांबूस दिसला तर घ्यावी. निळसर दिसला तर काउंटरवर परत ठेवून दुसरी मागावी.